रस्ता ओलांडण्याची उंची : मांजरी परिसरातील पादचारी पुलाच्या आराखड्याचा आढावा

पुणे-सोलापूर मार्ग हडपसर सोडून पूर्वेकडे निघाला की मांजरी, शेवाळेवाडी, कदमवाकवस्ती आणि लोणी काळभोर ही गावे एकापाठोपाठ एक लागतात. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ आणि आता पुणे ते मछलीपट्टणम असा क्रमांक ६५ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता कागदोपत्री लांब पल्ल्याच्या वाहतुकीचा असला, तरी या पट्ट्यात त्याच्या दोन्ही अंगांना आता भरवस्ती आहे. मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी ही गावे ३० जून २०२१ रोजी इतर एकवीस गावांबरोबर पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, पण त्याआधीच साखर व द्राक्ष यांवरील संशोधन संस्था, शेतमालाचा मांजरी उपबाजार, नव्या गृहरचना आणि पीएमपी बसचे थांबे यांच्यामुळे महामार्गाची एक बाजू दुसऱ्या बाजूवाचून चालेनाशी झाली होती. अशा रस्त्यावर माणसांनी पलीकडे जावे कसे, हा प्रश्न निघाला की पहिले उत्तर बहुधा ‘पादचारी पूल बांधा’ असेच येते आणि त्यानंतरची सारी चर्चा पूल कसा दिसावा याभोवती फिरते. पूल हवाच का, हवा असल्यास कोणत्या घडणीचा आणि त्याचे जिने कुठे उतरावेत, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारल्याखेरीज आराखड्याची निवड योग्य होत नाही, असे या विषयातील अनुभव सांगतो.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पायी चालणारा होता. पादचाऱ्यांना कोणत्या ठिकाणी कसले संरक्षण द्यावे हे ठरवण्यासाठी भारतीय रस्ते महासभा, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, ही संस्था पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शक संहिता प्रसिद्ध करते. तिचा क्रमांक १०३ असून २०१२ आणि २०२२ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या संहितेच्या परंपरेत एक सोपे गणित वापरले जाते : गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यावी, तिला त्याच तासातील वाहनसंख्येच्या वर्गाने गुणावे आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार २० कोटींच्या वर गेला, तर तेथे ओलांडणीवर नियंत्रण हवे असे समजावे. तासाला २०० माणसे आणि १,००० वाहने असली की ही मर्यादा नेमकी गाठली जाते, आणि सोलापूर रस्त्यासारख्या मार्गावर वाहनसंख्येचा वर्ग होत असल्याने ती फार लवकर ओलांडली जाते. मात्र या गणितातून नियंत्रणाची गरज सिद्ध होते, पुलाची नव्हे. शिवाय ते फक्त ओलांडणाऱ्यांना मोजते. जी आजी रस्त्याच्या भीतीने पलीकडच्या दवाखान्यात जायचेच सोडून देते, किंवा ज्या मुलांना घरचे एकटे पाठवत नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही मोजणीत होत नाही, आणि नियोजनाच्या दृष्टीने ही त्रुटी लहान नाही.

नियंत्रणाचा पहिला आणि स्वस्त प्रकार म्हणजे रस्त्याच्या पातळीवरची सिग्नलयुक्त ओलांडणी. संहिता चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरते, त्या हिशेबाने ३० मीटर रुंदीचा रस्ता पार करायला २५ सेकंद पुरतात, आणि दुभाजकात उभे राहण्याइतकी सुरक्षित जागा ठेवली तर तेवढाही वेळ एका दमात द्यावा लागत नाही. पुण्याला हा विचार नवा नाही. २००६ मध्ये देशातील पहिल्या बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गाचा, प्रयोग कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर झाला, तेव्हा रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत माणसांनी पोहोचायचे कसे हा प्रश्न याच रस्त्याने शहरापुढे ठेवला होता, आणि २०१६ मध्ये महापालिकेने स्वीकारलेल्या पादचारी धोरणातही पायी चालणाऱ्याला प्राधान्य देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. पातळीवरच्या ओलांडणीला होणारा विरोध बहुतेक वेळा वाहनांचा वेग मंदावेल या भीतीतून येतो. महामार्ग वस्तीतून जातो तेथे वेग मंदावणे हाच सुरक्षिततेचा गाभा आहे, हे मान्य केले तर तो विरोध बराचसा गळून पडतो.

दुसरा पर्याय भुयारी मार्गाचा. त्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे : माणसाच्या डोक्यावर अडीच मीटर मोकळी उंची पुरत असल्याने भुयारात जितके उतरावे लागते, त्याहून पुलावर बरेच अधिक चढावे लागते. तथापि नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी खेळणाऱ्या आणि काळ्या, पाण्याने फुगणाऱ्या मातीच्या या पट्ट्यात भुयारात पाणी झिरपणे व पावसाळ्यात साचणे हे कायमचे दुखणे ठरते, पंप बंद पडला की मार्गच बंद पडतो, आणि रात्री एकट्या स्त्रीला तो वापरवत नाही. दोन्ही तोंडे एकमेकांपासून दिसतील इतका रुंद, सरळ आणि सदैव उजेड असलेला भुयारी मार्ग बांधता येतो, पण वाहता महामार्ग खोदून तो बांधण्याचा खर्च आणि खोळंबा पाहता मांजरीसाठी तो पहिल्या पसंतीचा मानता येत नाही.

पुलाच्या आराखड्याकडे वळताना आधी एक आकडा ध्यानात घ्यावा लागतो. शहरी भागात रस्त्याच्या पृष्ठभागापासून पुलाच्या तळापर्यंत ५.५ मीटर मोकळी उंची ठेवावी लागते, आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्या व ट्रक भरून वाहणाऱ्या या रस्त्यावर त्यात काटकसर करण्याचा प्रश्नच येत नाही. त्यावर पुलाची स्वतःची जाडी येते, आणि माणसाला प्रत्यक्ष किती चढावे लागेल हे याच जाडीवर ठरते. पूल निवडणाऱ्या समित्या रंग, कमानी आणि छप्पर यांवर तासन्‌तास बोलतात, परंतु पायाखालील जाडी हा सर्वांत महत्त्वाचा आकडा बहुधा कंत्राटदाराच्या सोयीवर सोडला जातो.

दोन घडणींची तुलना केली की हे उघड होते. ३० मीटरचा एक गाळा, म्हणजे दोन आधारांमधील अंतर, मधल्या खांबाशिवाय पार करायचा आहे असे समजू. पहिल्या घडणीत चालण्याची पाटण लोखंडी किंवा काँक्रीटच्या तुळयांच्या डोक्यावर बसवलेली असते. अशा तुळईची उंची गाळ्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे १.२ मीटर, धरावी लागते, आणि पाटणीची जाडी मिळवली की माणूस रस्त्यापासून सुमारे ६.९ मीटरवर पोहोचतो. दुसऱ्या घडणीत दोन्ही बाजूंना लोखंडी ट्रस उभे केले जातात. ट्रस म्हणजे सरळ दांड्या त्रिकोणांत जोडून केलेली कैची, जिच्यात प्रत्येक दांडी मुख्यतः ताण किंवा दाब एवढेच सोसते. पाटण या दोन कैच्यांच्या मधोमध, त्यांच्या तळाशी बसवली जाते, त्यामुळे पुलाचे बळ माणसाच्या दोन्ही हातांना उभे राहते आणि पायाखाली जेमतेम ०.४ मीटर जाडी उरते. चालण्याची पातळी मग ५.९ मीटरवर येते. १५० मिलिमीटर उंचीच्या पायऱ्या धरल्या तर पहिल्या पुलाला ४६ आणि दुसऱ्याला ४० पायऱ्या लागतात. चाकाच्या खुर्चीसाठी बारा मीटर लांबीत एक मीटर चढ हे प्रमाण मानले जाते, त्यामुळे उतरंडीच्या, म्हणजे रॅम्पच्या, लांबीत प्रत्येक बाजूला १२ मीटरचा फरक पडतो. मांजरी उपबाजारातून पालेभाजीची जुडगी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईच्या गुडघ्यांना या सहा पायऱ्या जाणवतात. एका हाताने पाटी आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून ती चढते, आणि कठडा तिच्या हाताच्या उंचीवर नसेल किंवा विसाव्याचा टप्पा अरुंद असेल, तर ती दुसऱ्या दिवशी दुभाजकातील तुटक्या जाळीतूनच पलीकडे जाते.

उतरंडीचा हिशेब आणखी बोलका आहे. ५.९ मीटर चढायला ७०.८ मीटर लांबीचा उतार लागतो. दर नऊ मीटरनंतर दीड मीटरचा सपाट टप्पा द्यायचा म्हटले की ही लांबी ८१ मीटरच्या घरात जाते, आणि दोन्ही बाजू मिळून १६० मीटरहून अधिक होते. ३० मीटर रुंद रस्ता ओलांडण्यासाठी चाकाच्या खुर्चीवरील माणसाने जवळजवळ १९० मीटर जावे, असा याचा अर्थ. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१६ मध्ये झालेल्या कायद्यानंतर सार्वजनिक बांधकामात सुगमता बंधनकारक आहे, तेव्हा लिफ्ट बसवणे हा मार्ग उरतो. पण लिफ्टचे चालवणे, दुरुस्ती आणि वीज यांची पुढच्या वीस वर्षांची तरतूद मूळ निविदेतच नसेल, तर ती काही महिन्यांतच कुलूपबंद होते. लिफ्ट आणि उतरंड यांपैकी एकच परवडत असेल, तर पातळीवरील सिग्नलचा पर्याय पुन्हा विचारात घेणे हेच शहाणपणाचे.

मुंबईत २००८ पासून उभारल्या गेलेल्या स्कायवॉकचा अनुभव येथे उपयोगी पडतो. रेल्वे स्थानकाच्या पुलाशी त्याच उंचीवर जोडलेले आणि गर्दीला थेट कामाच्या दिशेने नेणारे स्कायवॉक वापरले गेले, कारण चालणारा आधीच वर असल्याने त्याला वेगळे चढावे लागत नव्हते. ज्यांच्यासाठी खास वर चढून पुन्हा खाली उतरावे लागे, ते ओस पडले. जपाननेही १९६० च्या दशकात वाढत्या अपघातांवर उपाय म्हणून रस्त्यांवर पादचारी पुलांचे जाळे विणले होते, आणि वृद्धांची संख्या वाढली तसे त्यांतील कित्येक पूल आता उतरवले जात आहेत.

घडणीच्या बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात सांगता येते. पूर्वताणित काँक्रीटच्या, म्हणजे आतील पोलादी तारा आधीच ताणून बळकट केलेल्या, तुळया देखभालीला सोप्या असतात, पण जड असतात आणि पायाखालील जाडी वाढवतात. कमानीला टांगलेला पूल दिसायला देखणा आणि पातळ पाटणीचा असतो. गाळा पन्नास मीटरच्या पुढे गेला तर त्याचा विचार करावा. उंच मनोऱ्यावरून तिरप्या तारांनी पाटण पेलणारा पूल नदीवर शोभतो, तीस मीटरच्या रस्त्यावर त्याचा मनोरा हा बव्हंशी देखावा असतो. दिखाऊपणाची किंमत कधीकधी फार मोठी पडते. १५ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत मियामीजवळ फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाचा बांधकामाधीन पादचारी पूल वाहत्या रस्त्यावर कोसळून सहा माणसे दगावली. तो तारांनी पेललेला भासावा अशी योजना होती, प्रत्यक्षात भार काँक्रीटच्या एकाच ओळीच्या कैचीवर होता, आणि तिच्या एका सांध्याची क्षमता हिशेबातच चुकली होती. सांध्यावर ठळक भेगा दिसू लागल्यानंतरही खालची वाहतूक थांबवली गेली नाही. पोलादी कैची कारखान्यात तयार करून, भाग जोडून, रात्रीच्या वेळी काही तास रस्ता बंद ठेवून क्रेनने बसवता येते, आणि सोलापूर रस्त्यासारख्या अहोरात्र वाहत्या मार्गावर हा तिचा मोठा गुण आहे. गंज हा तिचा दोष. तो जस्ताचा लेप, पाणी साचू न देणारे सांधे आणि ठरल्या मुदतीने रंगकाम यांनी आवरता येतो.

हलक्या पुलाला कंपनाचाही विचार करावा लागतो. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, आणि डाव्या-उजव्या पायामुळे बाजूला बसणारा धक्का सेकंदाला एकदा येतो. पुलाची स्वतःची डोलण्याची गती याच्या जवळ आली तर लहान धक्क्यांची बेरीज होत जाते. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २०००ला खुला झाला आणि आडवा झुलू लागल्याने दोन दिवसांत बंद करावा लागला. कंपन शोषणारी उपकरणे बसवून तो २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडला. युरोपीय संहितेनुसार पुलाच्या उभ्या कंपनाची वारंवारता सेकंदाला ५ आणि आडव्या कंपनाची २.५ याहून कमी असेल, तर स्वतंत्र तपासणी करावी लागते.

मांजरीच्या पुलाला या बाबतीत एक खास कसोटी आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून लोणी काळभोरच्या मुक्कामाला याच रस्त्याने जाते. रस्त्यावर पूल असला की दर्शनासाठी आणि पालखीचा रथ वरून पाहण्यासाठी लोक त्यावर दाटीवाटीने उभे राहणार, लेकरांना कठड्यावर बसवणार, आणि खालून टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर दिंड्या सरकत असताना तो ठेका वर उभ्या असलेल्यांच्या पायांतही उतरणार. रोजच्या वर्दळीवर बेतलेला पूल या एका दिवशी अपुरा पडता कामा नये. गर्दीची शक्यता असेल तेथे चौरस मीटरला ५०० किलो भार धरावा असे भारतीय संहिता सांगते. ३० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पाटणीवर तो ४५ टन होतो. कठड्याची उंची, त्यावरील आडवा रेटा आणि जिन्याची रुंदी यांचाही हिशेब याच दिवसासाठी मांडला पाहिजे, आणि त्या दिवशी पुलावर किती जणांना सोडायचे याची व्यवस्था पोलिसांकडे आधीच लेखी असली पाहिजे.

जिन्याचा आणि देखभालीचा धडा महाराष्ट्र फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. पूल पडला नव्हता. पावसामुळे वर थांबलेली गर्दी आणि खालून येणारे प्रवासी अरुंद जिन्यावर अडकले होते. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हिमालय पुलाचा भाग कोसळून सात जण दगावले, आणि आदल्या तपासणीत हाच पूल किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा ठरवला गेला होता. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातच, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल सुट्टीच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. या तिन्ही घटनांत निविदेच्या वेळी काढलेल्या चित्रापेक्षा नंतरची वर्षे महत्त्वाची ठरली : गर्दी किती वाढली, पोलाद किती झिजले, आणि धोक्याचा इशारा मिळाल्यावर पूल खरोखर बंद केला गेला की नुसता फलक लावला गेला. म्हणून प्रत्येक सांध्यापर्यंत तपासनिसाचा हात आणि डोळा पोहोचेल अशी घडण हा निवडीचा निकष असला पाहिजे, आणि सांधे शोभेच्या पत्र्यांनी झाकणारा आराखडा याच एका कारणासाठी नाकारणे योग्य ठरते.

जिना कुठे उतरतो हे तितकेच निर्णायक आहे. आराखड्याच्या कागदावर पूल नेहमी मोकळ्या जागेत उभा असतो. जागेवर पाहिले तर जिन्याची पहिली पायरी पदपथाच्या मधोमध येते, उरलेल्या हातभर जागेत विजेची पेटी किंवा फेरीवाल्याची हातगाडी असते आणि पुलाकडे न जाणाऱ्या माणसालाही रस्त्यावर उतरून जिन्याला वळसा घालावा लागतो. अनेक शहरांत पादचारी पूल जाहिरातीच्या हक्कांच्या बदल्यात खासगी खर्चाने बांधले गेले. अशा व्यवहारात पुलाची जागा माणसांच्या वाटेवरून ठरण्याऐवजी फलक कुठून दिसेल यावरून ठरण्याचा धोका असतो. मांजरीत जिने बसथांब्याला आणि बाजाराच्या फाटकाला लागूनच उतरले पाहिजेत. त्यासाठी पदपथामागची खासगी जमीन घ्यावी लागली तर ती घ्यावी, कारण पन्नास मीटर आडवाटेने गेलेला पूल दुभाजकावरून उड्या मारणाऱ्यांना थांबवू शकत नाही.

या सगळ्यावर आता आणखी एक बांधकाम येऊ घातले आहे. हडपसर ते यवत या टप्प्यात उन्नत मार्ग, म्हणजे खांबांवरचा वरचा रस्ता, बांधण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली, आणि हडपसरहून लोणी काळभोरकडे मेट्रो नेण्याचाही प्रस्ताव आहे. वरच्या रस्त्याचा तळ खालच्या रस्त्यापासून नेहमीप्रमाणे सहा मीटरच्या आसपास ठेवला, तर त्या दोहोंमधून पादचारी पूल कधीच नेता येणार नाही, कारण ५.९ मीटरवरील पाटणीवर माणसासाठी अडीच मीटर उंची आणि छपराची जागा धरली की तो तळ किमान नऊ मीटरवर हवा. ही तीन मीटरची जादा उंची फक्त ओलांडणीच्या ठिकाणीच लागते, पण ती खांबांचे आराखडे कायम होण्याआधी ठरली तरच मिळते. दुसरी बाजूही आहे : लांब पल्ल्याची वाहने वर गेली तर खालचा रस्ता खऱ्या अर्थाने गावचा रस्ता होऊ शकतो, आणि मग बहुतेक ठिकाणी सिग्नल, उंचवटा दिलेली झेब्रा क्रॉसिंग आणि खांबांच्या रांगेतील रुंद विसावा एवढ्यावर काम भागते. मेट्रो झाली, तर तिच्या स्थानकाच्या मधल्या मजल्यावरून तिकिटाशिवाय आरपार जाणारी वाट आणि दोन्ही पदपथांवर उतरणारे जिने मूळ आराखड्यातच मागता येतील, आणि त्या ठिकाणी वेगळ्या पुलाची गरज राहणार नाही.

मांजरी आणि शेवाळेवाडी या पट्ट्यासाठी त्यामुळे निवड पुरेशी स्पष्ट आहे. वस्तीतील चौकांवर पातळीवरची सिग्नलयुक्त ओलांडणी हा पहिला पर्याय असावा. उपबाजारासारख्या, माणसे आणि जड वाहने दोन्ही सतत येणाऱ्या ठिकाणी, जेथे सिग्नल खरोखर पुरत नाही असे मोजणीतून दिसेल तेथे, दोन कैच्यांमध्ये पाटण असलेला, मधला खांब नसलेला, किमान तीन मीटर रुंद पोलादी पूल, दोन्ही बाजूंना लिफ्ट आणि तिच्या देखभालीच्या करारासह बांधावा. आणि उन्नत मार्गाचे आराखडे अंतिम होण्यापूर्वी महापालिका, महामार्गाची यंत्रणा आणि मेट्रो यांनी या पट्ट्यातील ओलांडणीची ठिकाणे एका नकाशावर एकत्र निश्चित करून तो नकाशा मांजरीच्या रहिवाशांपुढे हरकती-सूचनांसाठी ठेवावा.